पैसे पहिले भेटतीन का मंग?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. बीएस्सी दुसऱ्या वर्षाच्या वर्गात मी विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी फेलोशिपची माहिती सांगत होतो. बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराज इथल्या तीन अकादम्या मिळून ती चालवतात. दोन महिने एखाद्या नामांकित प्रयोगशाळेत शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करायचं, वरून विद्यावेतन, जाण्यायेण्याचं भाडं. मी अगदी रंगून सांगत होतो. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, पैसे पहिले भेटतीन का मंग?"

वर्ग हसला. मीही हसलो आणि "अरे, आधी निवड तर होऊ दे" असं काहीतरी म्हणून पुढे गेलो.

तो मुलगा हसला नव्हता. त्याचा हिशेब चोख होता. अकोल्याहून बंगळुरूचं तिकीट, वसतिगृहाची अनामत, मेसचे आगाऊ पैसे, आणि दोन महिने घरात येणारी त्याची मजुरी बंद. विद्यावेतन कितीही असो, ते काम सुरू झाल्यावर हाती येणार. पहिल्या आठवड्यात खिशात काय असेल, एवढंच त्याला विचारायचं होतं. त्यानं अर्ज केला नाही. नंतर मी त्याला त्याबद्दल विचारलं तेव्हा म्हणाला, "सर, मी गेलो त घरचं कोन पाहीन?" हा दुसरा प्रश्न खरं तर पहिल्याच प्रश्नाचा उरलेला भाग होता.

मी पूर्णेच्या खोऱ्यातल्या, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या खारपाणपट्ट्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. वीसेक वर्षं झाली. या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे. पदवीच्या मुलांना संशोधनाची संधी द्यायची असेल तर पैसा लहान रकमेत, काम सुरू होण्याआधी आणि मूल राहतं तिथे पोचला पाहिजे. आजची बहुतेक व्यवस्था याच्या नेमकी उलट आहे. रक्कम मोठी, तीही कामानंतर, आणि शहरात.

योजना नाहीत असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. केंद्राच्या इन्स्पायर योजनेत मूलभूत विज्ञान शिकणाऱ्या मुलांना वर्षाला ८०,००० रुपये मिळतात. त्यातले २०,००० उन्हाळी प्रकल्पासाठी असतात. दरवर्षी १२,००० शिष्यवृत्त्या आहेत. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीचा 'नियस' हा उपक्रम २००४ पासून चालू आहे. आपल्या राज्यात २००६ पासून 'आविष्कार' हा आंतरविद्यापीठ संशोधन महोत्सव भरतो आणि त्यात पदवीचा गट वेगळा असतो. यातली एकही योजना वाईट नाही. काही मुलांचं आयुष्य त्यांनी बदललेलं मी पाहिलं आहे, फार थोड्यांचं का असेना.

पण प्रत्येक योजनेच्या मागे एक गृहीत मूल उभं आहे. इन्स्पायरचं मूल बारावीच्या बोर्डात वरच्या एक टक्क्यात असतं आणि तरीही इंजिनिअरिंग-मेडिकलला न जाता बीएस्सीला येतं. अकादमीच्या फेलोशिपचं मूल इंग्रजीत आपला विषय मांडू शकतं, त्याला ओळखणारे आणि शिफारसपत्र लिहिणारे प्राध्यापक असतात, आणि त्याच्या उन्हाळ्यावर घरच्या कुणाची चूल अवलंबून नसते. आमच्या वर्गात बसणारं मूल यातलं नाही. ते बारावीला ६२ टक्के घेऊन आलेलं असतं. सकाळी पोलीस भरतीसाठी पाच किलोमीटर धावतं, दुपारी प्रॅक्टिकल करतं आणि संध्याकाळच्या एसटीनं गावी परततं. त्याच्यात कुतूहल नसतं असं मात्र कुणी समजू नये.

उन्हाळ्याचंच घ्या. संशोधनाच्या सगळ्या चांगल्या संधी मे ते जुलैच्या आसपास असतात, कारण शहरातल्या मुलाला तेव्हा सुट्टी असते. गडचिरोली-गोंदियाकडच्या मुलाला तेव्हा सुट्टी नसते. मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचायचा असतो आणि त्यामागून तेंदूपत्त्याचा हंगाम लागतो. पहाटे जंगलात जायचं, दुपारी सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं घेणाऱ्या केंद्रावर, मोजून द्यायचे. वर्षाची रोकड त्या दोन-तीन आठवड्यांत घरात येते आणि घरातला प्रत्येक हात त्यात लागतो. आमच्याकडे कपाशीच्या पट्ट्यात उन्हाळा पऱ्हाटी उपटण्याचा, वीटभट्टीचा आणि लग्नसराईत दुकानात उभं राहण्याचा. फेलोशिपचे अर्ज भरायचे दिवस साधारण नोव्हेंबरच्या आसपास येतात. तेव्हा कापूस वेचणी ऐन भरात असते आणि सेमिस्टरची परीक्षाही तोंडावर. ही वेळापत्रकं कुणी मुद्दाम आमच्या विरोधात आखलेली नाहीत. आखताना आम्ही कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हतो, इतकंच.

त्यात अंतर आहे. गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे म्हटलं की कितीतरी वर्षं एकच नाव, वडसा. सिरोंच्याच्या मुलाला आपल्याच जिल्ह्याच्या ठिकाणी जायला दोनेकशे किलोमीटर कापावे लागतात. त्याला बंगळुरूची संधी दिली असं सांगताना आपण त्याला नेमकं काय दिलं, हे एकदा नकाशा समोर ठेवून पाहावं.

आता चार वर्षांच्या पदवीकडे येतो, कारण पुढची गोची तिथेच आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं पदवीला चौथं वर्ष जोडलं आणि त्यात 'संशोधनासह ऑनर्स' असा मार्ग ठेवला. पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के मिळवलेल्यांनी चौथ्या वर्षी १२ श्रेयांकांचा, म्हणजे क्रेडिटचा, संशोधन प्रकल्प करायचा. अशा चार वर्षांच्या पदवीत पुन्हा ७५ टक्के असतील तर एमएस्सी न करता थेट पीएचडीला प्रवेश घेता येतो. कल्पना उत्तम आहे. पण हा मार्ग त्याच विभागाला उघडता येतो जिथे पीएचडीचे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेले किमान दोन कायम प्राध्यापक आहेत. आमच्यासारख्या कॉलेजांत एका विषयाला एक कायम प्राध्यापक असला तरी तो विभाग सुदैवी समजतात. बाकीचा गाडा सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, चालतो. राज्यातल्या संलग्न कॉलेजांत हे धोरण २०२४-२५ पासून लागू झालं. म्हणजे पहिली तुकडी २०२७-२८ मध्ये चौथ्या वर्षाच्या दाराशी येईल. तेव्हा तालुक्यातल्या मुलाला सांगितलं जाईल की संशोधनाचं वर्ष इथे नाही, नागपूर-अमरावतीला आहे. खोलीभाडं आणि डबा धरून वर्षाचा खर्च किती, हे त्यानं आपलं आपण पाहावं. मग तो तीन वर्षांची पदवी घेऊन निघून जाईल आणि आकडेवारीत त्यानं ते स्वखुशीनं केलं असं दिसेल.

७५ टक्क्यांच्या अटीबद्दल माझं वेगळं भांडण आहे. संशोधन चांगलं करणारी मुलं आणि पेपर चांगला सोडवणारी मुलं नेहमी एकच नसतात, हे कुठल्याही शिक्षकाला विचारा. ब्युरेटचं रीडिंग तीनदा जुळेपर्यंत न उठणारा मुलगा सिद्धांताच्या पेपरात ५८ वर अडकलेला मी पाहिला आहे. त्याला चौथ्या वर्षी तो प्रकल्प मिळणार नाही. ज्याला पाठांतर जमतं त्याला मिळेल.

एवढा आटापिटा कशासाठी, खेड्यातल्या पदवीच्या मुलांनी संशोधन करून असं काय निघणार, असं विचारणारे भेटतात. त्यांना मी लोणारची आठवण देतो. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. देशभर बातम्या झाल्या. पाण्याचे नमुने नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेत आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत गेले. खारट पाण्यात वाढणारे आणि गुलाबी रंगद्रव्य तयार करणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव त्यामागे असल्याचं पुढे स्पष्ट झालं. काम चोख झालं. पण त्या सरोवराच्या आसपास विज्ञान शाखेची कॉलेजं आहेत. तिथल्या मुलांना दर महिन्याला पाण्याची क्षारता, पीएच आणि तापमान नोंदवायचं काम आधीची दहा वर्षं मिळालं असतं, तर २०२० साली शास्त्रज्ञांच्या हाती एका उन्हाळ्याच्या नमुन्यांऐवजी दहा उन्हाळ्यांची वही असती. अशी वही पुण्याहून येऊन जाऊन करणाऱ्याला जमत नाही. ती तिथे राहणाऱ्यालाच जमते.

दुसरी आठवण कडू आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. शेकडो दवाखान्यात होते. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीनं बीटी कपाशीची बोंडं पोखरली. नंतर चौकशी पथक आलं, अहवाल झाले. कोणत्या गावात कोणती औषधं एकत्र करून फवारतात, मास्क कोण वापरतं, पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली की फवारा कुठे उडतो, ही माहिती त्या गावांतून कॉलेजात येणाऱ्या प्रत्येक मुलाला होती. कित्येकांचे बाप फवारणी करत होते. ती माहिती कुणी त्यांना विचारली नव्हती आणि लिहून काढायला दोन रुपये दिले नव्हते. आधी सर्वेक्षण झालं असतं तर माणसं वाचली असती, असा दावा मी करणार नाही. पण धोका ढगातून पडल्यासारखं दाखवायची सोय तरी उरली नसती.

पदवीची मुलं कच्ची असतात, त्यांच्या नोंदींवर विश्वास काय ठेवायचा, हाही आक्षेप नेहमीचा. याचं उत्तर विदर्भातच लिहून ठेवलेलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं ३९ गावांत नवजात बाळांच्या घरच्या घरी काळजीचा अभ्यास केला. त्यात नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. बाळांची वजनं करणाऱ्या, श्वास मोजणाऱ्या आणि नोंदी ठेवणाऱ्या बाया गावातल्याच होत्या, पाचवी ते दहावी शिकलेल्या. त्यांना नीट प्रशिक्षण होतं, वरून देखरेख होती आणि कामाचा मोबदला होता. या तीन गोष्टी असतील तर बीएस्सीचं पोर कमी का पडावं?

नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांचं शिक्षण तर प्राथमिक शाळेच्या पुढे गेलं नव्हतं. १९८३ साली त्यांना आपल्या धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या वेगळ्या काढून, वर्षानुवर्षं निवडून पेरून त्यांनी एचएमटी हे वाण तयार केलं. शेती जेमतेम दीड एकर. २०१८ साली गेले तोवर त्यांचे हाल काय होते, हेही विदर्भाला ठाऊक आहे. त्यांचं नाव भाषणात घेणं आपल्याला फार आवडतं. पण त्यांच्या निरीक्षणाला पाच हजार रुपये आणि एक नोंदवही देईल अशी खिडकी तेव्हा नव्हती, आणि त्यांच्या नातवाच्या वयाच्या मुलांसाठी आजही नाही.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा गावात तर अभ्यास गट ही चालरीतच आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा सगळ्यांना माहीत असते. त्यामागे गावानं वर्षानुवर्षं बसून केलेला अभ्यास होता, हे कमी लोकांना माहीत असतं. २००९ साली जवळजवळ १,८०० हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक हक्क मिळाला, तो या अभ्यासावर उभं राहून.

आणि संशोधन म्हणजे फक्त विज्ञान शाखा नव्हे. हे लिहिताना मीच आतापर्यंत विज्ञानाचंच बोलत आलो, ती खोड जात नाही. वडशाभोवतीची झाडीपट्टी रंगभूमी दिवाळीनंतर शंकरपटांच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, संगतीनं गावोगाव रात्रभर चालते. मंडळं, कलावंतांचे करार, तिकिटं, मंडप, चहाच्या टपऱ्या. एका रात्रीत गावात किती पैसा फिरतो आणि तो कुणाकडे जातो, हा बीकॉमच्या मुलासाठी अस्सल प्रकल्प आहे. झाडीबोलीतली शेतीची नावं गोळा करणं बीएच्या मुलीला तिच्या आजीशेजारी बसून करता येईल. त्यासाठी मोबाइलवरचं रेकॉर्डिंग आणि एसटीचं भाडं पुरे. पण ते भाडंही कुठल्याच खात्यात बसत नाही.

आता आमच्या बाजूची घाणही सांगितली पाहिजे. नव्या अभ्यासक्रमात फिल्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंट आलं. दोन श्रेयांक, गावात जाऊन काम, अहवाल. कागदावर हे मी वर मागतोय तेच आहे. प्रत्यक्षात काय झालं? कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रोजेक्ट मिळू लागले. विषय सांगा, नाव सांगा, स्पायरल बाइंडिंगसकट संध्याकाळी घेऊन जा. एकाच 'गावच्या पाणी समस्ये'च्या अहवालावर वेगवेगळ्या गावांची नावं घातलेल्या सात प्रती मी एका दिवशी तपासल्या. तपासल्या म्हणजे सह्या केल्या. साठ मुलांना एक शिक्षक, मुलांच्या हातात एक रुपया नाही, आणि मार्क तर द्यायचेच. मुलांनी दुकानात दिलेले दीडशे-दोनशे रुपये हाच त्या सगळ्या उपक्रमावर झालेला एकमेव खर्च. ज्या कामाला आपण पैसे देत नाही त्याची नक्कल विकणारा कुणीतरी पैसे कमावतो.

यावर माझे एक सहकारी म्हणतात, आधी शिक्षक द्या, मग संशोधनाच्या गप्पा मारा. सगळ्या आक्षेपांत हा सर्वांत दणकट आहे आणि मला तो खोडता येत नाही. सीएचबीवरच्या शिक्षकाची नेमणूक सत्रापुरती. उन्हाळ्यात त्याला पगार नाही, पुढच्या वर्षी तोच असेल याची खात्री नाही. त्यानं शिफारसपत्र कोणत्या पदनामानं लिहायचं? प्रकल्पाचा मार्गदर्शक म्हणून सही केली आणि अहवाल द्यायच्या वेळी तो दुसऱ्या कॉलेजात असला तर? त्यात यूजीसीची लघुसंशोधन प्रकल्पांची जुनी योजनाही बाराव्या पंचवार्षिक योजनेबरोबर मावळली. कॉलेजच्या शिक्षकाला लाख-दोन लाखांचं काम उभं करायला तेवढी एकच वाट होती आणि पदवीची मुलं त्याच कामावर हात बसवत. कायम पदं भरणं हा पहिला उपाय आहे. मात्र पदं भरेपर्यंत मुलं थांबत नाहीत, तीन वर्षांत पदवी घेऊन जातात. म्हणून दोन्ही मागण्या एकाच वेळी करायला हव्यात. आणि सीएचबीच्या शिक्षकाला उन्हाळ्यातल्या प्रकल्पांच्या देखरेखीचं मानधन दिलं, तर त्याचाही मे महिना थोडा सुसह्य होईल.

पैशाचं बोलू. देश संशोधनावर जीडीपीच्या ०.६४ टक्के खर्च करतो. राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाच्या २०२३ च्या कायद्याबरोबर पाच वर्षांत ५०,००० कोटींचा आकडा आला, त्यातले ३६,००० कोटी सरकारबाहेरून यायचे आहेत. हे आकडे आमच्या कॉलेजच्या गेटपर्यंत पोचायला किती पावसाळे लागतील, कोण जाणे. मी छोट्या आकड्यावर येतो. केंद्राच्या कनिष्ठ संशोधन फेलोशिपची रक्कम महिन्याला ३७,००० रुपये आहे. वर्षाचे होतात ४,४४,०००. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या संशोधन फेलोशिपही पीएचडीच्या टप्प्यावर मिळतात. त्या मिळाल्याच पाहिजेत, त्यासाठी मुलांना रस्त्यावर बसावं लागतं हे लाजिरवाणं आहे. माझं म्हणणं इतकंच की एका पीएचडी फेलोच्या वर्षभराच्या रकमेत दहा-दहा हजारांचे ४४ पदवी प्रकल्प होतात. पीएचडीपर्यंत पोचणारं मूल तयार होण्याआधीच गळून जातं, ते या दहा हजारांवाचून.

दहा हजारांत काय येतं? पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर, साधा पीएच मीटर, बाटल्या, रसायनं, एसटीचं भाडं. उरलेले पाच-सहा हजार मुलाच्या हाताला, त्यानं घालवलेल्या रोजंदारीपोटी. हा दुसरा भाग ऐकला की अधिकारी दचकतात. संशोधनासाठी मुलाला रोज द्यायचा? पण 'कमवा आणि शिका' योजनेत कॉलेजं झाडांना पाणी घालायचे आणि ग्रंथालयातली पुस्तकं लावायचे पैसे मुलांना देतातच. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या महाराष्ट्रात श्रमाला दाम ही कल्पना नवी नाही. विहिरीचं पाणी मोजणं हे झाडांना पाणी घालण्याइतकं तरी श्रमाचं मानायला काय हरकत आहे?

पैसा जिल्ह्यातच आहे. चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर, गडचिरोली इथून कोळसा, चुनखडी, लोहखनिज निघतं आणि त्यावरच्या रॉयल्टीच्या प्रमाणात जिल्हा खनिज प्रतिष्ठानात रक्कम जमा होते. खाणींनी बाधित भागातलं पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण हे या निधीचे अग्रक्रमाचे विषय आहेत. खाणीजवळच्या गावातलं पाणी त्याच गावच्या मुलीनं तपासलं तर तिन्ही विषय एका प्रकल्पात येतात. जिथे खाणी नाहीत तिथे जिल्हा नियोजन समितीत नावीन्यपूर्ण योजनांसाठी तरतूद असते. तिच्यातून सभागृहांना रंग लागलेला पाहिला आहे, वीस विद्यार्थ्यांचे प्रकल्प झालेले नाही. १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालापासून विदर्भात 'अनुशेष' हा शब्द पोरासोरांच्या तोंडी आहे. सिंचनाचा, रस्त्यांचा अनुशेष आपण मोजला. आपल्या मुलांनी आपल्या मातीबद्दल न विचारलेल्या प्रश्नांचा मोजायचा राहिला.

पैसे बुडतील, ही भीती मला मान्य आहे. काही बुडतील. वीसपैकी सहा प्रकल्प वाया जातील, दोन चक्क खोटे निघतील. मोठ्या संशोधनातही हे होतं, फक्त त्याचे अहवाल जाड असतात. पण दहा हजारांसाठी तीन कोटेशनं, जीएसटीचं बिल, उपयोगिता प्रमाणपत्र आणि मग वर्षानं प्रतिपूर्ती अशी वाट ठेवली, तर पैसे बुडत नाहीत, मुलं बुडतात. मुलाच्या खात्यात अर्धी रक्कम आधी आणि उरलेली अर्धी वही पाहून द्यावी. अहवाल मराठीत चालावा आणि तो ग्रामसभेत वाचून दाखवावा. गावानं चार प्रश्न विचारले की झेरॉक्सच्या दुकानातला अहवाल आपोआप उघडा पडतो. त्यासाठी परीक्षक लागत नाही.

हे सगळं मी हवेत बोलत नाही. तीन वर्षांपूर्वी वर्गातली एक मुलगी प्रयोगशाळेत येऊन म्हणाली, "सर, आमच्या गावात दोन विहिरी हायेत. एकीच्या पाण्यात डाळ शिजते, दुसरीच्यात शिजतच नाही. असं काऊन?" खारपाणपट्ट्यात हा प्रश्न पिढ्यानपिढ्या बायांच्या तोंडी आहे. तिनं तो प्रयोगशाळेत आणला एवढंच. कठीणपणा मोजायचं ईडीटीएचं टायट्रेशन आम्ही अभ्यासक्रमात शिकवतोच, पण नमुना असतो नळाच्या पाण्याचा. तिनं गावातल्या आणि शेजारच्या वस्तीच्या अकरा विहिरी-हातपंप निवडले आणि दर महिन्याला पाण्याच्या बाटल्यांत नमुने भरून एसटीनं आणू लागली. क्लोराइडसाठी लागणारं सिल्व्हर नायट्रेट महागडं, म्हणून कुलपात असतं. ते मी थोडं थोडं काढून दिलं. बाकी खर्च दोघा-तिघा शिक्षकांनी वाटून घेतला. वहीत रकाने आखलेले, अक्षर गोल, चुकलेलं रीडिंग खोडून शेजारी कारण लिहिलेलं.

तिचं काम आविष्कारच्या जिल्हा फेरीत गेलं. परीक्षकांनी वही चाळली आणि बरोबर बोट ठेवलं. एप्रिल आणि मेचे रकाने कोरे कसे? विहिरी तळाला जातात आणि पाणी सर्वांत खारट होतं ते हेच महिने. तीच नोंद नसेल तर निष्कर्ष काय काढणार? प्रश्न रास्तच होता. ती म्हणाली, "लग्नसराई होती, सर. साडीच्या दुकानात होती." निवड झाली नाही.

पुढच्या वर्षी त्या दोन रकान्यांसाठी मी एका कार्यालयाकडे बारा हजारांचा अर्ज केला. त्या दुकानात तिला महिन्याला सहा हजार मिळत होते, तेवढेच दोन महिन्यांचे मागितले, म्हणजे ती दुकानात न जाता विहिरींवर जाईल. साडेचार महिन्यांनी अर्ज परत आला. वर लाल शाईत शेरा होता, 'तीन कोटेशन जोडून फेरसादर करावे.' मी तो कागद घेऊन आमच्या बडे बाबूंकडे गेलो. त्यांनी चष्मा वर केला, शेरा दोनदा वाचला आणि मला विचारलं, "सर, पोरीच्या रोजीचे कोटेशन कोन देते?"